वीतभर

मिरजेच्या अय्याजचाचांनी पिशवीभर भुसा दिला,
सतारीच्या दांडीतून उतरलेला.
वास छान. पण कोरडा.
शंखातल्या खेकड्याला कोरडं सोसत नाही.

मग हरिपूरच्या घाटावरची वाळू.
मुठीत दाबली तर निम्मा गाळ,
आणि गाळात, मागच्या पुरातलं असेल,
कुणाच्या तरी शाळेच्या सदऱ्याचं बटण.
ते शाल्मलीने ठेवून घेतलं.

शेवटी नारळाच्या शेंड्या कुटल्या,
मालवणी वाळूत कालवल्या,
खाऱ्या पाण्याचा हबका मारला.
किती जाड गं? तिने विचारलं.
तो पुरता बुडून वर थोडं उरेल, एवढं.

त्याच रात्री तो खाली गेला.
आज सव्विसावा दिवस.
कात टाकत असेल, मी म्हणते.
ती काचेला कान लावते.
उकरत कुणीच नाही.