सफरचंदं म्हणाले, सफरचंदं दिली

आमच्याकडे, फाइफच्या किनाऱ्यावर,
सलगम कोरायचं चमच्यानं.
भोपळा नव्हे, सलगम. दगड नुसता.
पहिली भेग बाबा सुरीनं पाडून द्यायचे,
मग तीन संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी
खरवडत बसायचो, तळहाताला फोड येईस्तोवर.
आत मेणबत्ती लावली की झाकण करपायचं.
गोडसर, जळका वास.
ऊना म्हणायची, भुताचा श्वास असाच असणार.

आणि फुकट काही नाही.
मिसेस गिलख्रिस्ट दार उघडून खुर्चीत बसायच्या,
हाताची घडी: "हं, काय करून दाखवता?"
मी विनोद सांगितला, शेवट आधीच फोडला.
ऊनानं तेराचा पाढा म्हटला, सुरात.
मूठभर शेंगदाणे, एक संत्रं.
कमावलेलं.

विनिपेगला आले तेव्हा बत्तिशीत होते.
दारावर थाप, अंधारातून आरोळी:
"हॅलोवीन अ‍ॅपल्स!"
सफरचंदं म्हणाले, सफरचंदं दिली.
इथे तसं नुसतं म्हणतात,
हे मला कोण सांगणार?
सकाळी कोपऱ्यापर्यंत बर्फात पडलेली सगळी,
लाल, गोठून गोटा झालेली.
बादली घेऊन वेचत गेले.
शेजारची ओलेना हसून हसून
कुंपणाला टेकली.
जॅम बरा झाला होता.

उणे बारात हाडांचा सापळासुद्धा
जाड कोटात गुबगुबीत.
पिशवी पुढे, टाकलं की पुढचं दार.
मी सोडत नाही. खुर्ची उंबऱ्यातच.
"काय करून दाखवता?"
आया फाटकाशी घड्याळ बघतात.
गल्लीत मला काय म्हणतात, माहीत आहे.

या वर्षी अगदी शेवटी एकजण आला.
सोंग नाही, हातात उशीचा अभ्रा.
पायऱ्यांखाली थोरली बहीण, खुणा करत.
नवे लोक, इरिट्रियाचे, कोपऱ्यावरच्या इमारतीतले.
माझा प्रश्न त्याला कळला नसावा.
किंवा कळला असावा.
हातमोजे काढून काखेत मारले,
दोन्ही हात तोंडाशी नेले
आणि घशातून असा एक पक्षी काढला
की समोरचा कुत्रा उठून उभा राहिला.

"कोणता?" मी विचारलं.
त्याला नाव इंग्रजीत येत नव्हतं.

माझ्यासाठी लपवलेली दोन चॉकलेटं दिली.
आतून एक सफरचंदही आणलं, जरा घाबरतच.
त्यानं तिथंच चावा घेतला
आणि अभ्रा बहिणीकडे फेकला.
ती पायऱ्या चढून वर आली.

मी खुर्ची सरकवून घेतली, हाताची घडी घातली.
"हं. आणि तुझं काय?"