मानशीचं तोंड

चिंबलच्या शिबिरात त्या पोरसवद्या नर्सनं
टॉर्च खाली धरून म्हटलं,
"मावशी, इथं काहीतरी दाणे दिसतात,"
आणि चिठ्ठीवर लिहिलं : बांबोळी.
आमच्या चोडणात हा शब्द
कुणी सहज उच्चारत नाही.

अकरा दिवस कुणाला बोलले नाही.
अंगणवाडीत पोरांची वजनं केली,
रूपेशचं वजन दोनदा लिहिलं,
एकदा त्याच्या नावापुढे, एकदा माझ्या.
रात्री पाटल्या काढून पाहिल्या.
एक लेकीला. एक होणाऱ्या सुनेला.
मंगळसूत्राचं नंतर काय करतात
हे विचारायचं कुणाला?
थोरली मावशी म्हणायची, "अंगावरून जातं गो,"
आणि त्या एवढ्याशा क्रियापदातून
एक दिवस तीच निघून गेली.

फेरीबोटीत उभी राहिले.
बसायला जागा होती.

डॉक्टर ऑडेट कुलासोनी
तो स्टीलचा चिमटा आधी कोमट पाण्याखाली धरला.
सेहेचाळीस वर्षांत
माझ्यासाठी कुणी काही कोमट केलेलं
मला आठवेना.
छताच्या पंख्याला तीन पाती.
"तीन आहेत," त्या आतून म्हणाल्या,
"पिवळट, गुळगुळीत, एक चण्याच्या डाळीएवढा.
नाबोथियन सिस्ट. कांय ना गे.
बाळंतपणानंतर नवी त्वचा भरून येते,
येताना ग्रंथीचं तोंड झाकते,
आतला चिकटा आतच राहतो."
"औषध?"
"नाही."
"कापायचं?"
"कशाला? फारच वाढला, दुखला,
तपासणीच्या आड आला, तर टोचून रिकामा करू,
नाहीतर जाळू, गोठवू. एरवी असू दे.
स्मिअर मात्र घेते. तो चुकवायचा नाही."

बाहेर येऊन मी चणे घेतले
आणि खाल्ले नाहीत.
एवढी मरायची तयारी केलेली,
ती आता ठेवायची कुठं?

संध्याकाळी कुष्टाला सांगितलं.
तो जाळ्याची फाटकी गाठ ओढत होता.
बराच वेळ गप्प. मग,
"म्हणजे गाळानं मानशीचं तोंड मिटलं
की भरतीचं पाणी शेतात अडकतं, तसं?"
"तसंच."
"मग त्याला कुणी हात लावत नाही.
बांध फुगला तरच."
आणि टोपलीतली मोठी सुंगटं
माझ्याकडे सरकवली.
अकरा दिवस त्यानं काहीच विचारलं नव्हतं,
पण रोज मोठी सुंगटं वेगळी काढत होता,
हे मला तेव्हा दिसलं.

तीन आठवड्यांनी स्मिअरचा कागद आला. साफ.
वहीतलं माझं वजन खोडलं.
पाटल्या हातात घातल्या, कामाला घट्ट होतात तरी.

पुढच्या शिबिराला जावेला ओढून नेलं.
धक्क्यावर हात सोडवत म्हणाली,
"मला कुठं काय होतंय?"
म्हटलं, मलाही कुठं काय होत होतं.
चल. फेरी सुटेल.