जुळारी

डॉक्टर गोदिन्यू फिल्म उजेडासमोर धरतात.
डाव्या बाजूला, कानाच्या किंचित वर,
जर्दाळूच्या बीएवढी सावली.
"इथं भाषा राहते," म्हणतात,
मग स्वतःलाच खोडतात : "म्हणजे, इथूनही येते-जाते."

पण माझे बाबा जन्माचे बहिरे.
बेल्मीरू सेराफिम, पोर्तूच्या एका छापखान्यात
एकोणचाळीस वर्षं खिळे जुळवलेले.
यंत्रांच्या ज्या खडखडाटात बाकीचे जुळारी
संध्याकाळपर्यंत अर्धे बहिरे व्हायचे
तिथं हे आधीपासूनच तयार होऊन आलेले.
मी विचारते, ज्या कानातून कधी काही गेलंच नाही
त्याच्या शेजारी भाषा काय करत होती?

डॉक्टर म्हणतात, मेंदू दार बघत नाही.
शब्द डोळ्यांनी येवो, मनगटातून निघो,
मुक्कामाला बहुतेक इथंच.

हात शाबूत आहेत.
हे कळायला मला तीन दिवस लागले.
हात बटणं लावतात,
संत्रं सोलतात एका सलग सालीत,
पावावरची माशी हाकलतात,
सुईवाल्या परिचारिकेला तळवा दाखवतात : थांब,
जसा कुणीही दाखवील.
पण 'पाणी' म्हणायला उठलेला तोच हात
वाटेत अडतो.
मूठ बरोबर, जागा चुकलेली.
पुन्हा.
जागा बरोबर, बोटं भलतीच.
तिसऱ्या खेपेला एक असा शब्द होतो
जो कुठल्याच बहिऱ्याच्या घरात कधी नव्हता,
दिसायला मात्र हुबेहूब शब्द.

लोकांच्या जिभेवर येऊन राहतं.
आमच्या घरी बोटांवर येऊन राहायचं,
आई एखाद्या शेजाऱ्याचं नाव आठवताना
हवेत बोटं चोळत बसायची
मीठ टाकायचं विसरल्यासारखी.
रात्री दिवा मालवला की
ती बाबांच्या तळहातात बोलायची.
मी पलीकडच्या खाटेवर पडून
चादरीची सळसळ ऐकायचे.
त्या घरात भांडण ऐकू येणारी मी एकटी.

एकदा बाबांनी मला केस दाखवली होती,
शिशाचे खिळे, प्रत्येकाचा आपला खण,
अक्षरं सगळी उलटी.
बघायचं नाही, म्हणाले, हाताला माहीत असतं.
आता वाटतं, कुणीतरी ती केस फरशीवर पालथी केली.
एकही खिळा हरवलेला नाही.
पण आणि, की, नको, उद्या,
सगळं एकाच ढिगात.

मी बोललेलं त्यांना कळतं. तेच तर वाईट.
स्वतःच्या हातातून निघालेला प्रत्येक चुकीचा शब्द
त्यांना दिसतो,
आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्याचा जन्म गेला
त्याच्या भुवया लगेच वर जातात.

कागदोपत्री मी लिओनिल्दा.
घरात माझं नाव म्हणजे गालावर दोन बोटं,
कारण मी जन्मले त्या दिवशी
बाबा पाळी अर्धी टाकून आले, हात न धुता,
आणि माझ्या गालावर शाईचे दोन ठिपके उमटले.
आई म्हणायची, आठवडाभर निघाले नाहीत.
आई वाढवून सांगायची.

नवव्या दिवशी दुपारी
खिडकीबाहेर नदीवरून सीगल ओरडत चाललेले,
त्यांनी माझं नाव घ्यायला हात उचलला.
दोन बोटं. गळ्याच्या हाडावर टेकली.
दोन बोटं. कपाळावर.
मग एकच बोट, आणि ते कानाशी.
हात मांडीवर पडला.
बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले,
भाडेकरूकडे बघावं तसे.
मग पलंगावरून वाकून
सरळ माझ्या गालाला दोन बोटं लावली.

हे नाव होतं की नुसता स्पर्श,
आणि मेंदूच्या कुठल्या आळीतून आलं,
मी डॉक्टरांना विचारलं नाही.
मी मान डोलावली, जोरजोरात. हो, हो, मीच.

बाबांनी मान हलवली.
हे चालायचं नाही.
आणि पुन्हा स्वतःच्या गालाकडे,
सावकाश,
हात उचलला.