लेहरा

कंपनीचं सॉफ्टवेअर विचारतं:
हा प्लेअर दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडलेला आहे,
यातलं सगळं पुसून नव्याने भरू का?
खाली दोन बटणं.
‘हो’ आधीच निळं होऊन बसलेलं.

तो दुसरा कॉम्प्युटर म्हणजे अरुंधतीचा लॅपटॉप.
बॅटरी फुगून टम्म झाली तेव्हा
चिराबाजारच्या भंगारवाल्याने दीडशे रुपयांना नेला.
अरुंधती मस्कतला. गाणी इथे, माझ्या तळहातावर,
दोन हजार एकशे बारा.
ती मागत नाही, मी विचारत नाही.

मला हवा होता फक्त एक लेहरा.
वर्तकमास्तरांच्या पेटीवरचा, चंद्रकंस,
तीनताल, चाळीस मिनिटं.
मास्तर आता जिना उतरत नाहीत.
खेतवाडीत त्यांच्या खोलीवर जाऊन, पंखा बंद करून
मोबाइल पेटीशेजारी ठेवून घेतला.
पण रियाज मोबाइलवर होत नाही,
नेमका समेच्या तोंडावर बँकेचा फोन येतो,
मॅडम, लोन हवंय का.

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
इम्तियाज परकारने केबल लावली.
‘पेन ड्राइव्ह समजा ना याला.’
उघडला. तारखा, टिपणं, पत्ते,
गाणं एकही नाही.
‘लपवलीयत. चोरापासून नाही, मालकापासून.’
कुठली तरी एक खूण काढून टाकली त्याने
आणि फिकट अक्षरांचं फोल्डर वर आलं,
विहीर उपसल्यावर पायऱ्या दिसाव्यात तसं.
आत पन्नास खोल्या, चाळीसारख्या ओळीने,
सगळ्यांत बिऱ्हाडं, दारावर पाटी कुणाच्याच नाही.
नुसती चार चार अक्षरं,
क्यूएक्सझेडटी, व्हीपीएलजे,
जी कुठल्याच भाषेत कुणाला हाक मारत नाहीत.
एकावर टिचकी मारली
तर अरुंधतीचं कॉलेजच सुरू झालं एकदम.
मी घाईघाईने बंद केलं.

माझा लेहरा टाकला त्यातल्याच एका खोलीत.
केबल काढली. प्लेअर म्हणतो,
दोन हजार एकशे बारा.
‘आत आहे, यादीत नाही,’ इम्तियाज म्हणाला.
‘आमच्या दादीचं रेशनकार्डावर असंच झालेलं.
घरात होती, जेवत होती,
साखर तेवढी मिळायची नाही.’

मग त्याने काढला एक एवढासा प्रोग्रॅम,
जगाच्या कुठल्याशा टोकाला
कुणीतरी रात्री जागून लिहिलेला, फुकट वाटलेला.
कंपनीला न विचारता
यादीत एक ओळ वाढवणारा.
आधीच्यांना धक्का नाही,
पंगतीत पाट जरा सरकवतात, तेवढंच.

नाव मी देवनागरीत टाइप केलं: पेटी, मोरेश्वर वर्तक.
पडद्यावर ओळभर चौकोन आले.
‘फॉन्ट नाही त्याच्याकडे. इंग्रजीत घालू?’
राहू द्या म्हटलं.
पन्नास रुपये घेतले. वर म्हणाला,
ही केबल बदला, मानेत हललीय.

दोन हजार एकशे तेरा.

मास्तरांनी परवा विचारलं,
नाव नीट घातलंस ना गं?
हो म्हटलं.

सकाळी नळ जायच्या आत भांडी भरून
मी तबल्याची गवसणी काढते,
चौकोनांवर अंगठा ठेवते. पेटी लागते.
सातव्या आवर्तनात, खाली ओलांडली की
दहाव्या मात्रेवर मास्तर खोकतात.
पहिले काही दिवस मी तिथे हमखास घसरायचे.
हल्ली वाट बघते.

चाळीस मिनिटं संपली तरी प्लेअर थांबत नाही.
चौकोनांखाली जे कोण राहत असेल
ते उठतं आणि सुरू होतं,
तिचं काहीतरी, गिटार,
आणि एक मुलगा, जो ताल म्हणून काही मोजत असेल
तर मला सापडलेलं नाही.
हात अजून तबल्यावरच असतात.
धरून बघते.