ताणकाटा

सहा हजार चारशेचा तंबू होता मोबाईलवर.
शालनने दोन बोटांनी मोठा करून पाहिला.
आत एक गोरं जोडपं
बर्फाकडे बघत कॉफी पीत होतं.
"आपल्याकडे बर्फ कुठाय वहिनी," ती म्हणाली,
"आपल्याला जायचंय तवसाळला."

म्हणून हर्णैला आलो, बंदरावर, जाळ्यांच्या दुकानात,
एप्रिलमधल्या साडेदहाच्या उन्हात,
पत्र्याखाली उभं राहिलं तरी पाठीचा ब्लाऊज भिजतो तेव्हा.
हवं होतं एक छप्पर, मच्छरदाणी, दोर, अंथरायला काही,
आणि सगळं मिळून सहा किलोच्या आत.
कारण स्कूटर अकरा वर्षांची,
माझे गुडघे चोपन्न वर्षांचे
आणि मागे बसणारी शालन काही हलकी नाही.
(हे तीच सांगते. मी कशाला बोलू.)

होडेकरांनी विचारलं, "बोट कुठली तुमची?"
"स्कूटर."
ते हसले नाहीत.
खिळ्यावरचा ताणकाटा काढला,
त्याच्या आकड्याला कालचा एक खवला चिकटलेला.

निळी ताडपत्री: तीन किलो दोनशे.
"एवढी सुरमई असती तर घेतली असती," शालन म्हणाली,
"ही शिजत पण नाही."
परत.
पातळ हिरवी, कडांना पितळी भोकं: नऊशे ग्रॅम.
म्हणजे एक मोठं पापलेट. ठेवा.
नायलॉनचा दोर, बारा मीटर: एक बांगडा.
मच्छरदाणी: अर्धा किलो कोळंबी, सोललेली नव्हे.
माकुलं धरणारे डोक्याला बांधतात तो दिवा
दाढीवाल्या पोऱ्याने स्वतःच्या कपाळावर लावून दाखवला
आणि आमच्याकडे बघून
आम्हालाच आंधळं केलं. एकशे ऐंशी.

झोपायची पिशवी नव्हतीच त्यांच्याकडे.
मोबाईलवरची उणे पाच अंशांपर्यंत ऊब देते म्हणे.
आम्हाला उलटी हवी होती,
तशी एकच माहीत: शालनचं धुऊन धुऊन विरलेलं सुती पातळ,
दुहेरी घडी. फुकट.

लोखंडी खुंट्यांशी आल्यावर मात्र ते थांबले.
दोन किलोच्या वर काटा गेला होता.
"वाळूत खुंट्या? ती कुणाला धरते?"
आत जाऊन चार रिकाम्या गोण्या आणल्या, मिठाच्या,
झटकून घडी घातल्या.
"जड असतं ते तिथं मिळतं. इथून कशाला न्यायचं?"
काट्याचा बाण जेमतेम हलला.
कपड्यांसकट पाच किलो सातशे.
पैसे झाले दोन हजार एकशे चाळीस,
वरचे चाळीस त्यांनी सोडले,
शालनने घासाघीस सुरू करायच्या आधीच,
त्यामुळे धोपाव्याला फेरीबोटीतून उतरेपर्यंत ती जरा नाराज होती.

तिसऱ्या रात्री, तवसाळच्या अलीकडे,
एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.
झाडांना दोर बांधला. काहीच नाही तिकडे
ओंजळींनी, मग ताटलीने, गोण्या भरल्या.
हात खारट, नखांत रेती,
शालनचं कंबरेला धरून उठणं.
फोनवर माझा नवरा, म्हणजे तिचा दादा:
"उश्या नेल्यात का?"
"नेल्यात," आम्ही दोघी एकदम म्हणालो
आणि टॉवेलात गुंडाळलेले कपडे डोक्याखाली घेतले.

दीडच्या सुमारास वारा फिरला, जमिनीकडून आला.
छप्पर फुगलं, फडफडलं, गोण्या ओढू लागलं.
मी दिवा लावून बघत बसले.
एक गोणी बोटभर सरकली,
मग बसली.
शालन घोरत होती.

सकाळी गोण्या उपड्या केल्या.
चौथीतून रेतीबरोबर एक खेकडा पडला,
नखाएवढा, पांढरट, भयंकर चिडलेला.
नांग्या वर करून आमच्याकडे बघत राहिला,
रात्रभर छप्पर त्यानेच धरलं होतं जणू.
"याचंही वजन धरायला हवं होतं," शालन म्हणाली.
तो तिरका तिरका निघून गेला.
आम्ही गोण्या झटकल्या, घड्या घातल्या.
स्कूटरला मात्र किका लागल्या नऊ.