वाट देताना

पुलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला,
उलट्या त्रिकोणावर लिहिलंय : यील्ड.
पुलापलीकडे तोच त्रिकोण, तीच लाल कड : गिव्ह वे.
मधे फिन नदी.
तिला कुठलीच पाटी लागत नाही.

मी लिफर्डच्या वकिलाची टायपिस्ट.
एकोणीस वर्षं एकाच फाइलची धूळ झटकत आले :
लेअर्ड विरुद्ध गिल्डी.
भांडण एका बोळाचं. ट्रॅक्टर जेमतेम मावेल,
दोन्हीकडून काटेरी कुंपण, मधोमध गवताची शेंडी.
मर्व्हिनचं घर पुलापलीकडे, शेत अलीकडे,
बोळ त्या शेतातून.
ॲट्रॅक्टाच्या गाईंनी तिथून जाऊ नये
अशी त्याने कोर्टाची मनाई आणली होती,
गाईंना आणि तिलाही.

मार्चमध्ये तो आला. टोपी हातात.
म्हणाला, जाऊ दे तिला. गाईंसकट.
साहेब कोर्टात होते, मसुदा माझ्याकडे आला
आणि क्रियापदापाशी अडला.

माझे अशील कन्सीड करतात, असं टाइप केलं.
तो म्हणाला, हे गोल खाल्लेल्या पोराचं,
चेंडू जाळ्यात, मान छातीवर.
मी कुठे गोल खाल्ला?
खोडलं.
सबमिट? ते शाळेत. वही बाईंच्या टेबलावर ठेवायची
आणि हात मागे बांधून उभं राहायचं.
केव्ह इन त्यानेच सुचवलं, आणि त्यानेच मोडीत काढलं :
पीटचा कडा खचतो पावसाने, त्याला कोण विचारतं?

सरेंडर मी टाइप करणारच नव्हते.
त्याच्या गावात तो शब्द भिंतीवर रंगवलेला आहे,
आणि त्याच्या पुढ्यात उभा एक मोठा नो.
त्याच्या आजोबांनी त्यावर ड्रम बडवला, वडिलांनी बडवला.
आमच्या कचेरीत मात्र भाडेकरार रोज सरेंडर होतात,
कुणी हूं की चूं करत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

मग पानावर पुढचा शब्द होता : सकम्ब.
तो गप्प झाला.
नोव्हेंबरात हेस्टर गेली तेव्हा
पेपरात तीन ओळी आल्या होत्या, त्यात हा.
म्हणाला, दबली-बिबली नव्हती ती.
शेवटच्या दिवशीही उशीवरून हुकूम सोडत होती,
बोळाचं कुंपण छाट म्हणून.

आणि मातीच्या दिवशी ॲट्रॅक्टा आली होती.
बोळातून दहा मिनिटं.
ती मोठ्या रस्त्याने चार मैल चालून आली,
बूट पचपच वाजत होते,
कापडात गुंडाळलेला मनुक्यांचा पाव तेवढा कोरडा.
मनाई मी आणली होती, तो म्हणाला,
आणि पाळली तिने.
त्या दिवशीसुद्धा.

मी हळूच म्हटलं, रिलेंट?
थंडीत ताठरलेला दोर उन्हात मऊ पडतो, तसं?
ते पावसाचं, तो म्हणाला. रेडिओवर ऐकतो.
पाऊस काही कुणाला पत्र लिहीत नाही.

खिडकीतून त्याला पुलाजवळची पाटी दिसत होती.
तुमच्याकडचा तो घाला, म्हणाला.
मागल्या साली खालच्या शेताने चाळीस गठ्ठे चारा यील्ड केला.
शेत काय हरलं म्हणून देतं?

तिचं उत्तर आठवड्याने आलं, तिच्या वकिलाला वगळून,
निळ्या शाईत, बिलाच्या पाठीवर :
पत्र मिळालं. कुंपण छाटा.
गाईंचे डोळे ओरबाडतात.

मर्व्हिनने ते दोनदा वाचलं,
घडी करून टोपीत ठेवलं
आणि टोपी घालून गेला.

फाइलवर शिक्का मारला : सेटल्ड.
हा शब्द गढूळ पाण्याचाही आहे.
गाळ खाली बसतो. जात नाही.
भांडं जपून उचलायचं.