भाग एकशे बारा

कुतैसीत, रिओनीच्या पांढऱ्या पुलापाशी
माझी टपरी: फुटक्या काचा, सुजलेल्या बॅटऱ्या.
एतेरीबाईंनी बोलावलं तेव्हा वाटलं, प्रिंटर असेल.

तर म्हणे, पलीकडच्या खोलीत लामारा आहे,
खुब्याचं हाड मोडलंय, उठता येत नाही,
आणि तिला माझा अर्धा संगणक हवाय.
"तिला सांग, वायर भिंतीतून जात नसते."
भिंतीपलीकडून: "तिला सांग, मला ऐकू येतं."

सहा वर्षांचा अबोला. अक्रोडाच्या एका झाडावरून.
आणि दोघी मिळून तुर्की मालिकांना जॉर्जियन ओळी लावतात,
एक लिहिते, दुसरी ओठांशी वेळ जुळवते.
आजवर एकाच टेबलाशी, मध्ये फुलदाणी ठेवून.

मी संगणकाच्या पाठीत अंगठ्याएवढं बूच खोचलं.
ते त्याला सांगतं, तुला अजून एक पडदा जोडलाय.
नसतो.
पण संगणक बिचारा भोळा,
नसलेल्या पडद्यासाठीही जागा झाडून ठेवतो,
तिथे डोंगराचं चित्र टांगतो,
पाहुणा येणार म्हणून खिडक्या उघडू देतो.
तो बिनकाचेचा उजेड मी वायफायवर चढवला
आणि लामाराबाईंच्या तडा गेलेल्या टॅबवर उतरवला.

घोटाळा एकच झाला.
संगणकाच्या मते तो पडदा उजव्या अंगाला,
लामाराबाईंची खोली डावीकडे.
एतेरीबाई अंगणाच्या दिशेने खिडकी ढकलतात,
ती कडेला अर्धी कापली जाते, मग नाहीशीच,
आणि अर्ध्या श्वासाच्या उशिराने
उगवते डावीकडे, भिंतीपलीकडे, रजईवरच्या मांडीत.
मध्ये कपबशांचं कपाट आहे, बंद पडलेला हीटर आहे.
कशालाही धक्का लागत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा बोलावणं. चित्र अडकतंय.
राउटर कपाटावरून खाली घेतला, चॅनल बदललं,
आणि तपासायला त्यांची फाइल उघडली.
भाग एकशे बारा. नायक समुद्राकडे बघतो,
बावीस सेकंद कुणी बोलत नाही.
तिथे ओळ होती:
गोळी घेतलीस का.
पुढच्या शांततेत, दार आपटल्यानंतर:
घेतली. रात्री तू खोकत होतीस.
मग नायिका रडते, दोन मिनिटं नुसतं संगीत:
सूपमध्ये मीठ जास्त होतं.
मीठ तेवढंच होतं. तुझी जीभ बिघडलीय.

म्हणजे पात्रं जिथे गप्प, तिथे या बोलतात.
पाठवण्याआधी पुसतात. एकदा एक राहिली म्हणे,
आणि बातुमीपासून तेलावीपर्यंत लोकांनी वाचलं:
बंदुकीसमोर उभा नायक, खाली अक्षरं,
चहा निवतोय.
कंपनीने पैसे कापले. ते कुणाच्या वाट्याचे, यावरून
पुढच्या दोन भागांतल्या शांतता भरून वाहत होत्या.

मला राहवलं नाही. सेटिंगमध्ये गेलो,
पडद्याचा चौकोन उचलून उजवीकडून डावीकडे ठेवला,
घर जसं आहे तसं.
एतेरीबाईंनी सवयीने हात उजवीकडे झटकला,
बाण कडेवर आपटला, तिथेच थरथरला.
टॅबवर काहीच पोचलं नाही.
मग दोन्ही खोल्यांतून
एकच वाक्य एकाच वेळी आलं, अर्ध्या श्वासाचाही फरक नाही:
"होतं तसं कर."

केलं.

निघताना एतेरीबाईंनी पिशवीभर अक्रोड दिले.
लामाराबाईंनी उशाशी ठेवलेले मूठभर, वेगळे.
झाड एकच. तरी मी ते मिसळले नाहीत,
मिसळायचा अधिकार माझा नव्हे.
पुलावर गार वाऱ्यात उभा राहून एक फोडला,
कुठल्या खिशातला, ते पाहिलं नाही.